चौफुलीवरची दोरी: शिबारीत आडवी आणि उभी दोरी एकमेकींना कशा धरून ठेवतात

कडब्याची गाडी भरून झाली की आबा तिच्यावर दोन चऱ्हाटं टाकायचे. एक पुढून मागं, एक डावीकडून उजवीकडं. पेंढ्यांच्या ढिगावर मधोमध ती एकमेकांना ओलांडायची. त्या जागी मी हटकून गाठ मारायला जायचो आणि आबा माझा हात धरायचे. "गाठ कशाला मारू लालास? वेढा दे, मागं वढ, मग फीर." आडवं चऱ्हाट उभ्याच्या खालून काढायचं, त्याला वळसा घालून आल्या बाजूला कचकन ओढायचं आणि मगच पुढं न्यायचं. ओढ्यातल्या दगडांवरून गाडी हिंदकळत घरी यायची, पण एक पेंढी सरकायची नाही. दारात आल्यावर टोक सोडून हिसका दिला की सगळं मोकळं.

हे मला पुन्हा आठवलं ते शिबारी शिकताना. मी आणि माझी बायको गेली काही वर्षं हे शिकतोय. लातूरसारख्या गावात त्याबद्दल चारचौघांत बोलायची सोय नाही, आणि मराठीत तर यावर धड काही वाचायला मिळत नाही. त्यामुळे नवी जोडपी कुठलातरी व्हिडिओ बघतात आणि सुतळी आणून सुरुवात करतात. त्यांची चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. आमचीही तिथंच झाली होती. एक दोरी दुसरीला ओलांडते ती जागा. मी तिला चौफुली म्हणतो. हा लेख फक्त त्या चौफुलीबद्दल आहे.

ज्यांना शब्दच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. शिबारी म्हणजे माणसाला दोरीनं बांधण्याची जपानी रीत. शब्दाचा अर्थ नुसता 'बांधणं' एवढाच. तिलाच किनबाकू, म्हणजे घट्ट बांधणी, असंही नाव आहे. एदो काळात (१६०३ ते १८६८) जपानमध्ये कैद्यांना दोरीनं जखडण्याची होजोजुत्सू नावाची युद्धविद्या होती. तिच्यातल्या रीतींना पुढं वेगळंच वळण लागलं. चित्रकार इतो सेइयू (१८८२ ते १९६१) यांनी बांधलेल्या देहाला आपल्या चित्रांचा विषय केला, आणि आधुनिक किनबाकूचे जनक म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. आज दोन सज्ञान माणसं आपापल्या मर्जीनं, आधी सगळं बोलून-ठरवून हे करतात. कुणाला त्यात जवळीक मिळते, कुणाला शांतता, कुणाला दोरीची नक्षी आवडते. मर्जी नसेल तर ती शिबारी नाही, मारहाण आहे. यावर मी वाद घालत बसणार नाही.

आता आमची फजिती. फुतोमोमो नावाची एक बांधणी आहे. जपानीत त्याचा अर्थ मांडी. पाय गुडघ्यात दुमडायचा, पोटरी मांडीला टेकवायची आणि दोन्हींना मिळून दोरीचे आडवे पट्टे घालायचे. मग एक उभी दोरी त्या पट्ट्यांना ओलांडत शिडीसारखी खाली आणायची. मी पाच पट्टे घातले आणि उभी दोरी वरून सरळ खाली आणली. दिसायला सुरेख. दहा मिनिटांत पाचही पट्टे घसरून गुडघ्यापाशी गोळा झाले आणि बायको म्हणाली, "अहो, सोडा आता, एकाच जागी रुतायलंय." पाचांचा दाब एकाच जागी आला होता. उभी दोरी पट्ट्यांवरून गेली होती, पण तिनं एकालाही धरलं नव्हतं.

चौफुलीनं काय काय करायचं असतं

चौफुलीची कामं तीन. पट्टा उभ्या दोरीवरून वरखाली घसरू नये. उभी दोरी पट्ट्यावरून डावी-उजवीकडं सरकू नये. ही दोन डोळ्यांना दिसतात. तिसरं काम दिसत नाही, आणि तेच सगळ्यांत मोठं आहे: एका पट्ट्याचा ताण दुसऱ्या पट्ट्यात जाऊ नये.

आजीचा बटवा आठवा. नाडीचं एक टोक ओढलं की अख्खं तोंड आवळतं, कारण नाडी कुठंच अडत नाही, ती सगळीकडून सरकते. चौफुल्या ढिल्या असल्या की माणसाच्या अंगावरची दोरी तशीच बटव्याची नाडी होते. बांधलेल्या माणसानं पाय हलवला, कूस बदलली, की ताण जिथून-तिथून सरकत एका जागी जमा होतो आणि तिथं आवळतो. सुरगाठ आणि निरगाठ हा फरक आपल्याकडं लहान पोरालाही माहीत असतो. जनावराच्या गळ्यात सुरगाठ घालायची नाही, ओढ लागली की फास बसतो, हे आपण दावणीपाशीच शिकतो. तोच नियम इथं. अंगाभोवतीचा कुठलाही वेढा ओढ लागल्यावर लहान होता कामा नये. चांगली चौफुली प्रत्येक पट्ट्याला त्याच्या मापावर कुलूप लावते.

मग सरळ निरगाठच का मारू नये? मारता येते. पण निरगाठीचा गड्डा अंगावर टोचतो, तो ताणाखाली घट्ट बसतो आणि घाईच्या वेळी नखांनी उकलत बसावं लागतं. शिबारीत सोडण्याचा वेग बांधण्याइतकाच महत्त्वाचा. म्हणून तिथं गाठीपेक्षा घर्षणावर भर असतो.

बाभळीचं खोड आणि दोन वेढे

घर्षणाची ताकद मला पुस्तकाआधी एका बैलानं शिकवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला आमचा देवणी बैल बुजला. मोठ्या माणसांनाही कासरा आवरेना. आबांनी कासऱ्याला बाभळीच्या खोडाभोवती दोन वेढे दिले आणि टोक माझ्या हातात दिलं. मी तेव्हा सहावीत होतो. बैल ओढत राहिला, मी नुसतं टोक धरून उभा राहिलो.

यामागचं गणित लेओनहार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञानं अठराव्या शतकातच मांडलं आहे. दोरी एखाद्या वस्तूला जितकी वळसा घालते, तितकी तिची धरून ठेवण्याची ताकद वाढते. आणि ती बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढते. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर अर्ध्या वेढ्यानं एका टोकाचा ताण दुसऱ्या टोकाच्या सुमारे अडीचपट झाला तरी दोरी सरकत नाही. पूर्ण एका वेढ्यानं हा आकडा साडेसहा पटीवर जातो. दोन वेढ्यांनी सुमारे ४३ पटीवर. म्हणजे माझ्या हाताचा ५ किलोचा जोर पलीकडच्या २०० किलोंना पुरून उरतो.

या गणितात खोडाची जाडी कुठंच येत नाही, हे मला सगळ्यांत कामाचं वाटतं. मोजायचा तो फक्त वळणाचा कोन. बाभळीच्या खोडाला दिलेला वेढा आणि बोटाएवढ्या दोरीला दिलेला वेढा, दोन्ही ३६० अंशांचे. म्हणून चौफुलीवर एक बारीकसा वळसाही इतका फरक पाडतो. आणि म्हणूनच माझी पहिली शिडी कोसळली: पट्ट्यावरून सरळ गेलेली दोरी जवळजवळ वळतच नाही. वळण नाही तर पकड नाही.

यात अजून एक गोष्ट मिळते. दोरी वळसा घेऊन स्वतःच्याच अंगावरून गेली, की वरचा पदर खालच्या पदराला दाबतो. ताण वाढला की दाब वाढतो, दाब वाढला की घर्षण वाढतं. दोरी जणू आपल्याच पाठीवर पाय देऊन उभी राहते. आबांचं "मागं वढ, मग फीर" हे याच दोन गोष्टींचं मिळून एक वाक्य होतं.

प्रत्यक्ष वळसे

हे वाचताना हातात दोरी असू द्या. घरात लाकडी खुर्ची असेल तर तिच्या पाठीला तीन-चार आडवे पट्टे बांधा. माणसावर नंतर. शिबारीत दोरी मधून दुमडून दुहेरीच वापरतात, म्हणून प्रत्येक फेऱ्यात दोन पदर शेजारी-शेजारी येतात, आणि दोन फेऱ्यांचा पट्टा चार पदरांचा होतो. ६ मिलीमीटरची दोरी असेल तर पट्टा साधारण अडीच सेंटीमीटर रुंद. आता वरून खाली येणाऱ्या दोरीला आपण चालती दोरी म्हणू.

पहिला प्रकार साधा वेढा. चालती दोरी पट्ट्याच्या पुढून खाली आणा, मागून वर काढा, पुन्हा पुढून खाली सोडा. पूर्ण ३६० अंश झाले. आता वर-खाली ताण सरकत नाही. पण अंगठ्यानं चौफुली बाजूला ढकलून बघा, ती पट्ट्यावरून सहज सरकते. नक्षी जुळवताना हा गुण आहे, कारण सगळे वळसे एका रेषेत आणता येतात. जिथं भार किंवा ओढ येणार आहे तिथं हा दोष आहे.

दुसरी अर्धी गाठ, जिला बाहेर हाफ हिच म्हणतात. पुढून खाली, मागून वर, आणि वर आलेलं टोक आपल्याच वरच्या पदराखालून दुसऱ्या बाजूला काढायचं. वरचा पदर ताणला की तो टोकाला पट्ट्यावर चिमटीत धरतो. करायला सोपी, सोडायलाही सोपी. हिची खोड अशी की खालचा भाग वरच्यापेक्षा जोरात ओढला तर आकारच पालटतो. वळसा घालणारा पदर सरळ होतो आणि सरळ पदर वळसा घालून बसतो. नवख्याला कळतही नाही, फक्त पट्टा अर्धा इंच ढिला झालेला असतो. म्हणून ही मारल्यावर पुढची दोरी ओढण्याआधी चौफुलीवर डाव्या अंगठ्यानं दाबून धरायचं. ही सवय लागली की निम्म्या चुका मिटतात.

तिसऱ्या प्रकारावर मी जरा थांबणार आहे, कारण माझं सगळ्यांत जास्त काम याच्यावर चालतं. मुंटर. गिर्यारोहक उतरताना वापरतात ती मुंटर हिच, वेर्नर मुंटर या स्विस गिर्यारोहकाच्या नावावरून. आकार तोच, काम वेगळं. चालती दोरी पट्ट्याच्या पुढून खाली आणा. मागून वर काढा, समजा उजव्या बाजूला. आता ती आपल्याच उभ्या पदराच्या वरून डावीकडं न्या, म्हणजे पाठीवर पाय. आणि आता पुढून खाली सोडू नका. पट्ट्याच्या मागं घाला आणि खालून बाहेर काढा. झालं. चालती दोरी पट्ट्याच्या मागून दोनदा गेली आणि मध्ये स्वतःला एकदा ओलांडून गेली. समोरून बघितलं तर पट्ट्यावर एक नीट बसलेला वळसा आणि त्याला दाबणारा एक पदर दिसतो.

आता हलवून बघा. वरून ओढा, खालून ओढा, बाजूला ढकला. साध्या वेढ्याशी ताडून बघा म्हणजे फरक हाताला कळेल. पार्सलवर सुतळीची अधिकची फुली असते ना, तिथं मधोमध हाच वळसा घालतात. लातूरच्या गंजगोलाईतल्या दुकानांत जुने व्यापारी गठ्ठा बांधताना एका झटक्यात तो घालतात. मी एकदा उभा राहून बघत बसलो होतो. नाव त्यांना ठाऊक नाही, हाताला ठाऊक आहे. आबांचं चऱ्हाटही बहुधा असंच फिरायचं. तेव्हा बघायची नजर नव्हती.

मुंटरमध्ये दोन ठिकाणी लक्ष लागतं. दुहेरी दोरीत आतला पदर कमी अंतर जातो, बाहेरचा जास्त. त्यामुळं एक पदर घट्ट आणि एक लोंबतो. प्रत्येक वळशानंतर दोन्ही पदर बोटांनी विंचरल्यासारखे सारखे करायचे, नाहीतर सगळा भार एकट्या पदरावर जातो आणि तो कातडीत रुततो. दुसरं, दर चौफुलीला बाजू बदलायची. पहिल्या पट्ट्यावर उजवीकडून वर काढली असेल तर दुसऱ्यावर डावीकडून. सगळ्या एकाच बाजूनं काढल्या तर उभी रेघ हळूहळू पिळासारखी पायाभोवती फिरायला लागते. मी मुंटर घालून पहिल्यांदा शिडी बांधायला घेतली आणि तिचा नागमोडी वेल झाला, तो यामुळंच.

चौथा प्रकार फुलीचा. जिथं उभी दोरी आणि पट्टा आधीच आहेत, सांधा फक्त पक्का करायचा आहे, तिथं हा वापरतात. चालती दोरी सांध्यावरून एकदा तिरपी न्यायची, उभ्या दोरीमागून वळवायची आणि दुसऱ्या बाजूनं उलटी तिरपी आणायची. समोर ठसठशीत फुली दिसते. आत चारही दिशांनी धरलेलं असतं. पाठीमागच्या सांध्यांवर ही फार उपयोगी, कारण पसरट बसते आणि टोचत नाही.

आणि पाचवा, जो आपल्याकडच्या प्रत्येक मांडववाल्याला पाठ आहे. दोन बांबू काटकोनात बांधताना तो आधी दोन्हींभोवती वेढे घेतो, आणि मग दोन बांबूंच्या फटीतून, त्याच वेढ्यांच्या भोवती दोन आवळे देतो. मांडव उभा राहतो तो या शेवटच्या दोन आवळ्यांवर. ते नसतील तर वेढे कितीही घाला, वावटळ आली की सांधे कुरकुरायला लागतात. शिबारीत या आवळ्याला कान्नुकी म्हणतात. जपानीत कान्नुकी म्हणजे दाराचा अडसर. दोन अवयवांच्या मधल्या फटीतून पट्ट्याभोवती दोरी फिरवून पट्टा त्या फटीत आवळायचा. दुमडलेल्या पायात पोटरी आणि मांडीच्या मधून दिलेला असा अडसर पट्ट्याला दोन अवयवांमध्ये पकडतो, मग तो घसरतच नाही. माझी पहिली शिडी वाचली असती ती यानं.

अडसराबद्दल ताकीद द्यायला हवी. लाकडाचा सांधा जितका आवळाल तितका चांगला. माणसाचा तसा नाही. इथं अडसराचं काम पट्ट्यातला सैलपणा काढणं एवढंच. दंड आणि छातीच्या मधून, काखेपाशी देतात तो अडसर वाचून शिकू नका, माझ्या लेखावरून तर मुळीच नाही. तो समोर बसून, अनुभवी माणसाच्या नजरेखाली शिकायचा असतो. टांगण्याच्या बांधण्यांचंही तेच.

क्रम कुठलाही प्रकार असो, एकच: आधी पट्टा मापावर आणायचा, नंतर चौफुली घालायची. चौफुली घातली की पट्ट्याचा ताण तिथं गोठतो. पट्टा ढिला असताना चौफुली घातली आणि मग चालती दोरी ओढून तो घट्ट करायला गेलात, तर पट्टा घट्ट होत नाही, चौफुली वाकडी होते. पट्ट्याखाली दोन बोटं आडवी जात असतील तर माप बरोबर. चौफुली झाल्यावर पुन्हा तीच दोन बोटं घालून बघा. आता जात नसतील तर चौफुलीनं पट्टा आवळला आहे. ती उकला आणि परत घाला. मी अजूनही दर वेळी बघतो.

अंगावर चौफुली कुठं बसते

चौफुली हा बांधणीतला सगळ्यांत जाड भाग. पदर एकमेकांवर चढलेले, त्यामुळं दाब एका बिंदूवर. पट्टा जिथं निवांत बसेल तिथंही चौफुली बसेलच असं नाही. ती मांसल भागावर यावी. हाडावर, सांध्याच्या आतल्या वळणावर, किंवा मज्जातंतू कातडीजवळून जातो तिथं नको.

अशा तीन जागा प्रत्येकानं आपल्या हातानं चाचपून ठेवाव्यात. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, खांदा आणि कोपराच्या मधल्या पट्ट्यात, हाडाला वळसा घालून एक मज्जातंतू जातो. तिथं दाब बसला तर मनगट वर उचलता येत नाही, हात लोंबतो. दुसरी जागा कोपराच्या आतल्या बाजूची खाच. दाराच्या चौकटीवर कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तीच. तिसरी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, जिथं हाडाचा उंचवटा लागतो. तिथला मज्जातंतू दबला तर पाऊल वर उचलत नाही. फुतोमोमो बांधताना ही जागा अगदी वाटेत येते, म्हणून तिथं ना पट्टा, ना चौफुली. आणि गळ्याभोवती कधीच काही नाही.

लोकांचा समज असा की हात निळा पडला की धोका, तोपर्यंत ठीक. रक्त अडलं तर रंग बदलतो, गार पडतं, आणि सोडल्यावर बहुतेक वेळा लवकर ओसरतं. मज्जातंतूचं तसं नाही. तो रंग न बदलता दुखावतो आणि बरा व्हायला आठवडे, कधी महिने घेतो. त्याची खूण म्हणजे अचानक मुंग्या, जळजळ, एखादं बोट बधिर होणं, किंवा ताकद जाणं. म्हणून बांधलेल्या माणसाला थोड्या थोड्या वेळानं विचारायचं, आणि नुसतं "ठीक आहे का?" असं विचारून थांबायचं नाही. मनगट माझ्या तळव्यावर उलटं दाब, बोटं फाकव, अंगठा वर कर. पाय बांधला असेल तर पाऊल वर उचल. जमत नसेल तर तीच दोरी आधी सोडायची, सरळ कापायची. बोथट टोकाची, जखमेची पट्टी कापायची कात्री हाताच्या अंतरावर असलीच पाहिजे. दोरी काही शेकड्यांची, हात जन्माचा.

बायकोशी आमचा एक शब्द ठरलेला आहे. तो निघाला की प्रश्न न विचारता सोडायला लागायचं. बांधलेल्या माणसाला एकटं सोडून दार उघडायलाही जायचं नाही, बेल वाजली तर वाजू दे. दारू घेतलेली असेल तर त्या दिवशी दोरी काढायचीच नाही.

दोरी कोणती, हा प्रश्न चौफुलीचाच आहे

आमच्याकडं बांधावर अंबाडी असायची. पाल्याची भाजी व्हायची, आणि काडी पाण्यात भिजत घालून वाख निघायचा. दावं, कासरा, चऱ्हाट, सगळं त्याचं. घायपाताचे दोर वेगळे. गावातली मातंग समाजाची माणसं ते वळायची, आणि त्यांच्या पिळात जी सफाई होती ती मी नंतर महागड्या दोरीतही क्वचित बघितली. मग निळं-पिवळं नायलॉन आलं. स्वस्त, पावसात कुजत नाही. पण आबांचा एका वेढ्याचा हात नायलॉनवर चालेना, चऱ्हाट सरकायला लागलं. त्यांनी नाइलाजानं गाठी मारायला सुरुवात केली, आणि संध्याकाळी त्या उकलताना चिडायचे.

यातच उत्तर आहे. ऑयलरच्या हिशेबात वळणाच्या कोनाबरोबर घर्षणाचा गुणांकही येतो. तागाची दोरी खरखरीत, तिचे तंतू एकमेकांत अडकतात, एका वळशात काम भागतं. नायलॉन गुळगुळीत, तिथं तेवढ्याच पकडीसाठी वळसे वाढवावे लागतात किंवा गाठ मारावी लागते. शिबारी तागावर वाढली. तीनपेडी, ६ मिलीमीटर जाड, सात-आठ मीटर लांब अशी दोरी. तिचे वळसे तागाच्या स्वभावावर बेतलेले आहेत. गुळगुळीत नायलॉनवर किंवा सॅटिनच्या रिबिनीवर तेच वळसे घालून 'टिकत का नाही' म्हणून वैतागण्यात अर्थ नाही. सुती दोरी अंगाला मऊ लागते, पण ताणाखाली तिची चौफुली घट्ट बसते आणि सुटता सुटत नाही, हाही अनुभव आहे.

किराणा दुकानातली बारीक सुतळी अंगावर वापरू नका. ती कातडी कापते, आणि कारखान्यात लावलेल्या खनिज तेलाचा वास तिला असतो. तागाची जाड दोरी आणली तर आधी तिचे बाहेर आलेले तंतू गॅसच्या ज्योतीवरून झरझर फिरवून जाळून घ्या, कापडानं पुसा, अगदी दोन-चार थेंब तेलाचा हात फिरवा. जास्त तेल लावलं तर दोरी गुळगुळीत होईल आणि चौफुली पुन्हा सरकेल. पाण्यात उकळू नका, ताग ओला होऊन कमजोर होतो.

माळेगावच्या यात्रेत जनावरांच्या साजाची दुकानं लागतात. कासरे, म्होरक्या, गोंडे, घुंगरमाळा. तिथं एखादा म्हातारा माणूस म्होरकीचे सांधे बांधताना दिसला तर पाच मिनिटं थांबा. नाकापासून कानामागं जाणारी दोरी आणि गालावरची आडवी दोरी जिथं भेटतात, तिथं तो काय करतो ते बघा. बैलाचा डोळा आणि जबड्याचं हाड चुकवून सांधा कुठं ठेवतो तेही बघा.

सोडताना चौफुल्या उलट्या क्रमानं सोडायच्या, शेवटची आधी. दोरी अंगावरून ओढून काढायची नाही. पदर पदर मोकळा करायचा, नाहीतर कातडी भाजल्यासारखी होते. पट्ट्यांच्या खुणा उमटतात, साधारणपणे काही तासांत जातात. चौफुलीच्या जागी खूण जास्त खोल असेल किंवा तिथं स्पर्श बोथट लागत असेल तर ती जागा लक्षात ठेवा आणि पुढच्या वेळी चौफुली तिथून दोन बोटं हलवा. मग दोरी बोटांतून टोकापर्यंत सोडत न्या. चौफुली बसली होती तिथं पीळ ढिला झालेला, पदर चपटा झालेला हाताला लागतो, कारण दोरी सगळ्यांत आधी तिथंच झिजते. पीळ हातानं परत बसवा. एखादं पेड तुटलेलं दिसलं तर ती दोरी बाजूला काढा आणि पुन्हा माणसावर वापरू नका. आमच्या अशा दोऱ्या मी आता भोपळ्याच्या वेलाला लावतो.